स्वखुशीचा अर्ज

आमच्या शाळेत अकरावीत कोणी नापास होत नसे. ज्यांची नापास होण्याची शक्यता असे, ती मुलं वार्षिक परीक्षेच्या आधीच शाळा सोडून जात, आणि जाताना त्यांचे पालक स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देत की कौटुंबिक कारणामुळे आम्ही स्वखुशीने दाखला काढून घेत आहोत. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत शारजातल्या सात-आठ कुटुंबांना एकाच आठवड्यात कौटुंबिक कारणं उद्भवायची. मग बारावीला उरलेली मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसायची, सगळी पास व्हायची, आणि शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागायचा. तो फलक वाळूच्या वाऱ्याने फाटेपर्यंत तिथेच असायचा. मला त्या फलकाचा राग येतो. आजही येतो. वय झालं की राग निवतो असं मला अनेकांनी सांगितलं; माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, बंद बाल्कनी, आणि खिडकीत बसवलेला एक एसी, जो सुरू झाला की आईला फोनवर ओरडून बोलावं लागे. बाबा एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होते. सकाळी सहाला कंपनीची गाडी त्यांना न्यायची. आई पहाटेच्या अजानच्या आवाजाला उठायची. तिला घड्याळाचा गजर कधी लावावा लागला नाही. स्वयंपाकघरात पोळ्यांचा वास, फोडणीचा वास आणि खालच्या मल्याळी कॅफेटेरियातून येणारा उकळलेल्या चहाचा वास एकमेकांत मिसळलेला असे. आई भाजी आणली की कोथिंबिरीची जुडी हातात धरून म्हणायची, "एक दिरहॅम! म्हणजे दहा रुपये! दहा रुपयांत मिरजेत टोपलीभर येते." मग तीच जुडी अख्खी चिरून पोह्यांवर टाकायची.

मिरजेत माझी आत्या राहायची. बालवाडीत शिकवायची, आणि बालवाडीच्या बायकांची संघटना चालवायची. कोणी ओळखीचं इकडे येणार असलं की आत्या त्यांच्या सामानात आमच्यासाठी गोडा मसाला, सांडगे आणि मेतकूट घालून द्यायची. हे सगळं गुंडाळलेलं असे तिच्या उरलेल्या पत्रकांमध्ये. मोर्चा झाला की शे-दोनशे पत्रकं शिल्लक राहायची आणि कागद वाया घालवणं तिला पटत नसे. शाळेत आम्हाला इंग्रजी, हिंदी आणि अरबी होतं. मराठी नव्हतं. मी मराठी वाचायला शिकले ती मेतकुटाचे पिवळे डाग पडलेल्या त्या पत्रकांवर. 'भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला मराठी शब्द असावा. 'तुटपुंजं मानधन', 'धडक देणार', 'आता माघार नाही' ही माझी बालभारती. आई ती पत्रकं फडताळात अंथरायची आणि मी डबे उचलून उचलून खालचा मजकूर वाचायचे. बाबांना हे फारसं आवडत नसे. "ताईचं तिकडे ठीक आहे," ते म्हणायचे, "इथे असलं काही चालत नाही. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे. व्हिसा रद्दचा एक शिक्का मारतील आणि खलास."

अकरावी म्हणजे आमच्याकडे कॉलेजची तयारी. तिथल्या मुलांना ती तयारी कशाची करायची तेच धड माहीत नसे. त्या काळी तिथे आमच्या ऐपतीचं कॉलेज जवळजवळ नव्हतंच. बारावी झाली की सामान बांधायचं आणि 'इंडिया'त जायचं. इंडियात गेल्यावर कळायचं की आपण महाराष्ट्राचे नाही, कारण दहावी-बारावी महाराष्ट्रात केलेली नाही. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी मराठी मंडळी जमायची आणि बटाटेवडे खाता खाता डोमिसाइल, कोटा, कॅपिटेशन या शब्दांवर तावातावाने बोलायची. मुंबईहून येणारा प्रत्येक माणूस तीस किलोंच्या सामानात कोणासाठी तरी जाडजूड गाइडं आणायचा. पोस्टाने येणाऱ्या सराव परीक्षांचे लखोटे बाबांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये पडायचे. मी ते लखोटे सोडवायचे, आणि मला बरे मार्क पडायचे. हे सांगणं भाग आहे, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा उपयोग माझ्याविरुद्ध झाला.

नसीम माझ्याच वर्गात होती. शाळेच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो आणि मराठीत बोलायचो. बाकी बस इंग्रजीत बोलायची. तिचं गाव खेडजवळ. तिचे वडील, इस्माईलचाचा, दुबईत अल क्वोजच्या एका गॅरेजमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन होते. बिघडलेल्या ट्रकच्या वायरी नुसत्या बोटांनी चाचपून ते दोष सांगत. त्यांच्या घरी शुक्रवारी तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण असे, आणि मी दर शुक्रवारी काहीतरी निमित्त काढून तिथे जायचे. नसीमला फार्मसीला जायचं होतं. डॉक्टर नाही, इंजिनीअर नाही, फार्मसी. सातवीपासून ती हेच म्हणत होती. "डॉक्टर नुसता लिहून देतो," ती म्हणायची. "दिलेलं बरोबर हाय का चूक, ते औषधवालीच बघते." तिचं रसायन चांगलं होतं. फिजिक्स नव्हतं. सहामाहीत तिला फिजिक्समध्ये शंभरात छत्तीस... नाही, छत्तीस मला वाटलं होतं. पेपर परत मिळाल्यावर ते एकतीस निघाले, आणि पास व्हायला तेहतीस लागत.

शुक्रवारचा आणखी एक उद्योग होता, त्याचा मला फार अभिमान होता. बाबांच्या साइटवरची माणसं, कोकणातली, साताऱ्याकडची, माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला यायची. रजेचा अर्ज, आई आजारी असल्याचा अर्ज, पासपोर्ट परत मिळण्याचा अर्ज. माझं इंग्रजी चांगलं आणि अक्षर त्याहून चांगलं. आई त्यांना चहा द्यायची, मी लिहायचे, ते सही करायचे. "काय लिवलंय ते न्हाय कळत, पण अक्षर बघूनच सायब रजा देतो," असं एकजण म्हणाला होता. ते वाक्य मी कितीतरी दिवस मिरवलं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी इस्माईलचाचा आले. एकटेच. नमाज करून आले होते, पांढरा कुर्ता, टोपी खिशात. आईने दिलेला चहा त्यांनी तसाच ठेवला आणि घडी घातलेला एक टाइप केलेला कागद माझ्यासमोर उलगडला.

"बाय, ह्याची कॉपी करून दे. हातानं लिवायला सांगितलंन."

मी वाचलं. कौटुंबिक कारण. स्वखुशी. खाली पालकाच्या सहीची जागा. शाळेने नमुना टाइप करून दिला होता, पण द्यायचा अर्ज हस्ताक्षरातच हवा होता. टाइप केलेल्या आठ सारख्या चिठ्ठ्या कोणाच्या हाती लागल्या असत्या तर उघड झालं असतं ना!

"चाचा, हा दाखला काढायचा अर्ज आहे."

"ठाव हाय. सर बोलले, आपणहून अर्ज दिलात तर दाखल्यावर अकरावी पास लिवू. नाय दिलात नि परीक्षेत पडली, तर फेल लिवू. मग गावाला कुठला कॉलेज घेणार तिला?"

"पण अजून वार्षिक परीक्षा झालीच नाही! त्यांना काय माहीत ती पडणार?"

"ते शिकलेले हायत."

"नसीम काय म्हणते?"

त्यांनी कागदाची घडी अंगठ्याने सपाट केली. मग म्हणाले, "तिला सांगितला नाय अजून. तिच्याच हातानं तिचाच दाखला काढायचा अर्ज कसा लिववू? म्हणून तुझ्याकडं आलो."

मी आत गेले, कोरा कागद घेतला आणि लिहायला बसले. फडताळातली सगळी पत्रकं त्या अर्ध्या तासात माझ्या हातात उतरली. मी लिहिलं की माझ्या मुलीचा दाखला मी काढणार नाही. बालवर्गापासून तुम्ही तिला शिकवलंत. ती कच्ची राहिली असेल तर दोष तुमचाही आहे. तुमच्या शंभर टक्क्यांसाठी आमच्या मुलींचा बळी देऊ नका. परीक्षेला बसणं हा तिचा हक्क आहे, आणि गरज पडल्यास आम्ही शिक्षण मंत्रालयाकडे दाद मागू. उत्तम इंग्रजीत लिहिलं. खाली इस्माईलचाचांचं नाव लिहिलं आणि बाहेर येऊन कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"जरा मोठा झाला," ते म्हणाले.

"अर्ज नीट लिहावा लागतो, चाचा."

त्यांनी सही केली. उर्दूत, सावकाश, जीभ किंचित बाहेर काढून. माझ्या डोक्यावर हात ठेवला, थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि गेले. त्यांना काही सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी लढतेय. माणसाला न विचारता त्याच्यासाठी लढता येतं असं मला त्या वयात खरोखरच वाटत होतं.

पुढचं मला नसीमने सांगितलं, चार दिवसांनी, बस थांब्यावर, माझ्याकडे न बघता. प्राचार्यांनी पत्र वाचून आधी गॅरेजमध्ये फोन केला होता. शाळेच्या फॉर्मवर नोकरीच्या ठिकाणचा नंबर असतोच. गॅरेजच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, चाचांना सगळ्यांसमोर झापलं, "इस्माईल, स्कूल में मुश्किला नहीं मंगता. मंत्रालय-मंत्रालय क्या है? काम मंगता, या लेटर मंगता?" मग शाळेत बोलावणं; नसीमलाही वर्गातून बोलावून घेतलं. प्राचार्यांनी विचारलं, हे कोणी लिहिलं? चाचा म्हणाले, मी. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पत्रात काहीतरी चुकलंय एवढंच कळलं होतं, आणि लिहिणारीचं नाव सांगायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं होतं. प्राचार्य हसले. कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आपने लिखा? तो पढ़के सुनाइये."

"अब्बा कागद धरून उभे राहिले," नसीम म्हणाली. "मग सर मला बोलले, तू वाच आणि बापाला समजावून सांग. मी तुझा अक्षर बघितला. सगळा वाचला, मोठ्यानं. आणि एकेक ओळीचा मराठीत अर्थ सांगितला. अब्बांना तेव्हा कळला त्यांनी काय लिवलाय ते. आणि मला तेव्हा कळला की माझा दाखला मागतायत."

"मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी! मना विचारलंस? अब्बांना विचारलंस? तुझ्या बापाचं नाव घालायचं होतंस खाली."

बस आली. ती पुढे जाऊन बसली.

त्या माणसाच्या हातात कागद देऊन 'वाचून दाखवा' म्हणणाऱ्या त्या प्राचार्यांना मी माफ केलेलं नाही. ते आता हयात नसतील, तरीही नाही. बालवर्गापासून ज्या मुलीची फी घेतली तिच्याच तोंडून तिच्या बापाला लाजवणारा माणूस शिक्षक म्हणून निवृत्त झाला, त्याला हार घातले गेले असतील. पण हेही तितकंच खरं की तो कागद माझा होता. वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातात तो आधी मीच दिला होता.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते बुटांच्या लेस सोडत होते. मला वाटलं, नोकरीचं बोलतील, व्हिसाचं बोलतील. त्यांनी विचारलं, "ताई पत्रक काढते, त्याच्या खाली कोणाचं नाव असतं?"

"आत्याचं."

"आणि पोलीस आले की कोण जातं?"

"आत्या."

"तू लिहिलंस ते सगळं खरं आहे," बाबा म्हणाले. "त्यातला एक शब्द मी बदलला नसता. पण तू इस्माईलच्या सहीवर स्वतःचं भाषण केलंस. उद्या मी अर्धा दिवस रजा घेतो. माझ्याबरोबर ये आणि सांग." माझे बाबा घाबरट आहेत असं मी सोळा वर्षं समजत होते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. एसी इतका थंड की टेबलावरची काच ओली झाली होती. चाचा गॅरेजमधून थेट आलेले, निळ्या कव्हरऑलमध्ये. खुर्ची काळी होईल म्हणून ते बसले नाहीत. बाबांनी ते पाहिलं आणि तेही बसले नाहीत. मी सांगितलं की पत्र माझं आहे, चाचांना त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि त्यातलं सगळं मला अजूनही मान्य आहे. प्राचार्य रागावले नाहीत. ते फार गोड बोलले. हुशार मुलगी आहे, रँक येईल, पुढे कॉलेजला जायचंय, वर्तणुकीचा दाखला लागेल; सगळं इथेच मिटवू. जुनं पत्र फाडून टाकू. नवं साधं पत्र द्या, नमुन्याप्रमाणे. अक्षर हिचं छान आहे, हिलाच लिहू दे. दाखल्यावर 'उत्तीर्ण' असेल, गॅरेजला मी फोन करून सांगेन की गैरसमज होता.

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"मी लिहिणार नाही," मी म्हणाले.

"लिव, बाय," चाचा म्हणाले.

मी नसीमकडे वळले. पहिल्यांदाच विचारलं, "तुला काय हवंय?"

"मना हितंच परीक्षेला बसायचाय," ती म्हणाली. ती रडत नव्हती. "फिजिक्समध्ये मी चाळीस काढीन. पण अब्बांची नोकरीपण हवी. हे दोन्ही देत नायत. लिही."

मी लिहिलं. कौटुंबिक कारण. स्वखुशी. माझ्याच अक्षरात, रेषेवर, सुबक. प्राचार्यांनी एका ठिकाणी स्वल्पविराम घालायला सांगितला, तोही घातला. चाचांना पेन दिलं तेव्हा ते म्हणाले, "आता वाचून दाखव." मी एकेक ओळ मराठीत सांगितली. 'स्वखुशीने' हा शब्द मी दोनदा म्हणाले. त्यांनी थांबून वाट बघितली, "पुढं?" म्हणाले, आणि सगळं ऐकून झाल्यावरच सही केली.

निघताना बाबा प्राचार्यांना इंग्रजीत म्हणाले, "माझी मुलगी पुढच्या वर्षी तुमच्या निकालात असेल. या मुलीला काढल्यानंतर उरलेल्यांत." प्राचार्य म्हणाले, "ऑफकोर्स, ऑफकोर्स, प्राउड मोमेंट." त्यांना बाबांचं वाक्य कळलंच नाही, की कळूनही चाललं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

नसीम आईबरोबर गावाला गेली. चाचा अल क्वोजमध्ये गॅरेजमागच्या खोलीत, आणखी पाचजणांबरोबर राहू लागले. शुक्रवारची भाकरी बंद झाली. माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांना मी प्रत्येक शब्द समजावून सांगू लागले. काहीजण कंटाळून दुसरीकडे जाऊ लागले. जूनमध्ये नसीमचं पत्र आलं. गावाजवळच्या कॉलेजने दाखला बघितला, पण बोर्ड वेगळं, विषय वेगळे, बारावीत थेट घेता येणार नाही म्हणून तिला पुन्हा अकरावीत बसवलं. 'उत्तीर्ण' हा शेरा कोणी वाचलाही नाही. ज्या एका शब्दासाठी तिच्या बापाने मान खाली घातली, त्या शब्दाची किंमत तिथे शून्य होती, आणि हे प्राचार्यांना माहीत नसणं शक्य नाही. दरवर्षी सात-आठजणांना ते हाच शब्द देत होते. परीक्षेला बसून ती पडली असती, तरी अकरावीच पुन्हा करावी लागली असती. फरक इतकाच की ती आपल्या घरात, आपल्या बापाजवळ राहून केली असती. आणि कदाचित ती पडलीही नसती. चाळीस काढीन म्हणाली होती. मी तिला ओळखते. तिने काढले असते.

माझ्या वर्षीचा निकाल शंभर टक्के लागला. शाळेने इंग्रजी पेपरात अर्धं पान जाहिरात दिली आणि वरच्या ओळीत माझा फोटो छापला. फोटो मागायला आले तेव्हा मी नाही म्हणू शकले असते. म्हणाले नाही. पुण्याच्या कॉलेजच्या अर्जासोबत ते कात्रण जोडता येईल असं कोणीतरी सुचवलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

पुण्याला प्रवेश घेऊन झाल्यावर मी बसने खेडला गेले. नसीम स्टँडवर घ्यायला आली होती. तिची बारावी नुकतीच सुरू झाली होती. वर्गातल्या मुली तिला दीदी म्हणायच्या. पुढे तिला फार्मसी मिळाली, हव्या त्या कॉलेजात, एक वर्ष उशिरा. पण त्या दिवशी ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. घरी गेल्यावर तिने पाणी दिलं आणि एक पाकीट पुढे केलं.

"अब्बांनी पाठवलाय," ती म्हणाली. "तुझा फोटो आला ना पेपरात. गॅरेजमध्ये सगळ्यांना दाखवलंनी. ही बघा, आपली मुग्धा, हिच्याकडून मी अर्ज लिववून घ्यायचो."

पाकिटात जाहिरातीचं कात्रण होतं, कडा कात्रीने अगदी सरळ कापलेल्या. वर मोठ्या अक्षरांत शंभर टक्के. खाली आमचे चेहरे, ओळीने, हसरे. नसीम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि एकेका मुलीचं नाव घेत होती, ही अमुक, ही तमुक, ही काय जाड झालीय गो! सगळ्या ओळी संपल्या तेव्हा तिचं बोट कागदाच्या कोऱ्या कडेवर येऊन थांबलं. मी म्हणाले, "तू नाहीस, म्हणून हे शंभर आहेत." ती म्हणाली, "ठाव हाय. मोजले मी," आणि जेवायला वाढायला उठली.